संध्याकाळच्या पावलाचं माप

(कोल्हापुरात नोकरदार महिलांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेनं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सगळ्या बसून घ्या. मागे उभ्या असलेल्यांना पुढच्यांनी जरा सरकून जागा द्या. आणि तुमच्यातल्या ज्या तिघी गरोदर आहेत, त्यांच्यासमोर मी एकेक जादा खुर्ची ठेवायला सांगितली आहे. ती पाय ठेवायला आहे. घ्या पाय वर. व्यासपीठाकडे पाय करून बसायचा संकोच वाटत असेल, पण आजचा विषयच तो आहे.

मी एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. त्यातली एकोणीस वर्षं प्रसूती विभागात गेली. तपासणीला आलेली बाई आत यायची, तेव्हा मी आधी तिचे पाय बघायची आणि मग चेहरा. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलाबुटांवरूनसुद्धा पुष्कळ कळतं. बुटाची मागची बाजू आत दुमडून चेपलेली दिसली की समजायचं, हिचा पाय बुटात मावत नाही. ही बाई बुटाची सपाता करून दिवसभर फरफटत चालते आहे.

एक मुलगी आठवते. बसमध्ये वाहक होती, सातवा महिना लागलेला. तिनं सँडल काढले तर पट्ट्याची आणि बकलाची अख्खी नक्षी पायावर उमटलेली होती, लालजांभळी. मी नडगीवर अंगठा दाबून धरला. सोडल्यावर खड्डा पडला तो पडलाच. मी मनात दहा अंक मोजले तरी भरला नाही. म्हटलं, कधीपासून असं? तर म्हणाली, "दीड महिना झाला सिस्टर. होईल हळूहळू पायाला सवय."

बायांनो, पायाला सवय होत नाही. सवय होते ती आपल्या मनाला, दुखणं गिळायची. पाय बिचारा फुगत राहतो. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आज बोलवलंत तेव्हा दुसरा कुठलाही विषय मला नको होता.

तर त्या मुलीच्या चपलेचं बोलण्याआधी मी काय केलं? बीपी बघितलं आणि लघवी तपासायला पाठवली. हा क्रम लक्षात ठेवा. गरोदरपणात घोट्याला, पावलाला थोडी सूज येणं पुष्कळ जणींना होतं. ती संध्याकाळी वाढते, रात्री झोपल्यावर उतरते, दोन्ही पायांना साधारण सारखी असते. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असेल, हाताची बोटं अचानक जड झाली असतील, डोकं थांबत नाही असं दुखत असेल, डोळ्यापुढे काजवे चमकत असतील, बरगड्यांखाली पोटात दुखत असेल, तर चपलेच्या दुकानात जायचं नाही, दवाखान्यात जायचं. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, तर ते बाळ आणि आई दोघांच्याही जिवाशी येऊ शकतं. तसंच एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हात लावला तर गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तिथं तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि वेळ आलीच तर १०८ ला फोन लावायला लाजू नका.

तिचं बीपी व्यवस्थित निघालं. मग आम्ही चपलेवर आलो.

आता ही सूज येते कशानं? गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं. ते पायाकडे खाली जातं सहज, वर चढताना मात्र अडतं, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर पडतो. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं, म्हणून चालणाऱ्या बाईपेक्षा एका जागी उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय जास्त सुजतात. काउंटरवर उभी असलेली, फळ्यापाशी उभी असलेली, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी असलेली. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

काही घरांत सूज दिसली की पाणी कमी करतात, मीठ बंद करतात. असं मनानं करू नका. पाणी प्यायचं. आणि झोपताना डाव्या कुशीवर.

पण सूज हा अर्धाच भाग झाला, आणि दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. सूज उतरते, पण पाऊल मुळातच वाढलेलं असू शकतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडतात, वजन दहाबारा किलोनं वाढतं, आणि तळव्याची कमान खाली बसते. कमान बसली की पाऊल लांबतं आणि पसरतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी ४९ गरोदर बायकांची पावलं गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर मोजली होती. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. साठ ते सत्तर टक्के जणींचं पाऊल वाढलेलं निघालं, २ ते १० मिलिमीटरपर्यंत, आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनीही ते तसंच होतं. पहिल्या खेपेला हा बदल जास्त दिसला. आपल्याकडे जो नंबर चालतो, त्यात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो. म्हणजे लग्नातला पाचचा नंबर बाळंतपणानंतर सहाचा होऊ शकतो, आणि बाई मात्र दुकानात आयुष्यभर "पाच द्या" म्हणत राहते.

त्यात आपली पावलं मुळात रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात सुमारे एक लाख लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आणि दुकानात मिळणारं माप मात्र तिकडचं. चवड्याला चावतं म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग टाचेला सैल होतं आणि पाय पुढे घसरतो. गरोदर बाईला घसरणारी चप्पल म्हणजे संकट.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, खरेदी संध्याकाळी करायची. सकाळी ताजा पाय घेऊन गेलात तर सकाळच्या पायाची चप्पल मिळते, आणि तुम्हाला ती घालायची असते संध्याकाळी पाच वाजता, शेवटच्या तासाला. घरून निघण्याआधी कोऱ्या कागदावर उभं राहायचं, बसून नाही, कारण उभं राहिलं की पाऊल पसरतं. दुसऱ्या कुणालातरी पेन्सिल सरळ धरून कड काढायला सांगायची, कारण सातव्या महिन्यात तुम्हाला वाकता येणार नाही. दोन्ही पावलं काढा, एक थोडं मोठं असतंच, तेच धरायचं. कागद कातरून घ्या आणि दुकानात चपलेच्या तळावर ठेवा. कागद कडेनं बाहेर डोकावला की ती चप्पल परत द्यायची. दुकानदार कितीही म्हणू दे, "ताई, दोन दिवसांत सैल पडेल." ती सैल पडेपर्यंत तुमच्या करंगळीची कातडी गेलेली असते.

पुढे अंगठाभर जागा मोकळी हवी. टाच अगदी सपाट नको आणि उंचही नको, दोनअडीच सेंटिमीटर पुरे. वजन पुढे गेलेलं असतं, उंच टाचेनं ते आणखी पुढे जातं आणि कंबर धरते. अगदी पातळ तळाची चप्पलसुद्धा नको, तिच्यात खालच्या फरशीचा कडकपणा थेट टाचेला लागतो. हातात धरून वाकवून बघा. ती चवड्यापाशी वाकली पाहिजे, मधोमध घडी पडली तर तिच्यात आधार नाही. मागे पट्टा हवा. सपाता, स्लिपर घालून चाललं की ती पडू नये म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात, दिवसभर. तळाला खाच हवी. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत सोल म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

आणि बंद वेलक्रोचा. ह्यावर माझा फार जोर आहे. बकलाला भोकं ठरलेली असतात, वेलक्रोला नाही. सकाळी आठला जेवढा लावला, दुपारी दोनला त्याच्यापेक्षा बोटभर सैल करता येतो, बसल्या जागी. बायकांच्या विभागात रुंद माप मिळत नसेल तर खुशाल पुरुषांच्या विभागात जा. त्यांचे साचे रुंद असतात. त्या वाहक मुलीला शेवटी पुरुषांचे काळे वेलक्रोचे सँडल मिळाले. पुढच्या तपासणीला आली तेव्हा पायावर नक्षी नव्हती.

फार महागाचे घेऊ नका. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस सूज कधीकधी वाढते, मग उतरते, आणि पाऊल कुठल्या मापावर थांबेल ते नंतरच कळतं.

आता कोल्हापुरात बसून कोल्हापुरीबद्दल बोलायचं म्हणजे सांभाळून बोलायला हवं. मी चप्पल लाईनच्या बाजूला वाढलेली आहे. ओल्या कातड्याचा आणि तेलाचा वास आला की मला माहेर आठवतं. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरात कुणाचा सत्कार व्हावा तसं वाटलं होतं. तरी सांगते, सुजलेल्या पायाला नवी कोल्हापुरी नको. तिचा अंगठा आणि पट्टा पायाला आवळून बसतात, तीच तिची शान. ती पायाच्या मापानं सैलावते ते पाय जागेवर असतो म्हणून. इथं पायच रोज बदलतो आहे. जुनी, मऊ झालेली असेल तर घरातल्या घरात घाला. कामावर नाही.

एक गोष्ट चपलेइतकीच महत्त्वाची आहे. जोडवी. पाचव्या महिन्यातच काढून ठेवा. सहज निघतात तेव्हा काढा. आठव्यात बोट सुजून जोडवं रुतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, बोट निळसर पडलेलं. पाय वर करून, गार पाण्यात धरून, साबण लावून निघालं तर ठीक, नाहीतर कापावं लागतं. आणि घरच्यांना ते कापणं जास्त लागतं. एका सासूबाईंनी मला विचारलं, "सौभाग्याचं लेणं काढायचं कसं हो?" मी म्हटलं, "आई, उतरवून काळ्या दोऱ्यात ओवा आणि तिच्या गळ्यात घाला. अंगावरच राहील." त्यांनी तिथल्या तिथे पदराची गाठ सोडून दोरा काढला. त्या वाईट नव्हत्या, त्यांना वाट हवी होती. पैंजणांचंही तेच.

आता कामाच्या जागेबद्दल. मी स्वतः पहिल्या वेळी गरोदर होते तेव्हा गणवेशाचे बूट बदलायची परवानगी मागितली होती. "नियम सगळ्यांना सारखा," असं उत्तर मिळालं. मी नवव्या महिन्यापर्यंत ते बूट घातले. डाव्या करंगळीचं नख तेव्हा गेलं ते आजही नीट नाही. मला राग आहे तो त्या नियमाचा कमी, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही ह्याचा जास्त. तुम्ही विचारा, आणि लेखी विचारा. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे, की अंदाजे तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, बाईनं विनंती केली तर तिला फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. शब्द आहे "विनंती केली तर". म्हणून अर्ज करा, एक प्रत जवळ ठेवा. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून लढा दिला आणि २०१८ साली तिथं तशी कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूनं २०२१ मध्ये केली. स्टूल मागणं म्हणजे लाड मागणं नव्हे.

शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, वर्गाबाहेर चपला काढाव्या लागतात, मग काय करू? एक स्वच्छ जोड फक्त वर्गातच घालायचा, शाळेतच ठेवायचा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा. बँकेतल्या ताई, तुमचे पाय खुर्चीवरून लोंबकळत असतील तर खुर्चीची कड मांडीखाली रुतते. पायाखाली पाट घ्या. अर्ध्या तासानं टाचा वीस वेळा उचला, बसूनच. दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितले तरच घ्या, आणि ते सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे. एकदा पाय खाली सोडून सूज आली की ते चढतही नाहीत.

साडेपाच वाजलेत. दिवसभर तुम्ही सगळ्या उभ्या-बसलेल्या आहात, म्हणजे पाय आज जेवढे व्हायचे तेवढे झालेत. ह्या बाजूच्या टेबलावर कोरे कागद, पेन्सिली आणि दोन कातऱ्या आहेत. गरोदर नसाल तरी या, नंबर किती वर्षांपूर्वीचा सांगता ते बघू. आधी त्या तिघी. चपला इकडे काढा, मी कड काढते.