माझी कादंबरी मला सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

पहिली कादंबरी हातावेगळी झाली की लिहिणाऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘कशी वाटली?’ ज्याला वाचायला दिली, त्याला तो आठ-दहा दिवस धीर धरून हे विचारतो आणि उत्तर येतं, ‘छान आहे. ओघवती झालीय.’ असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो शेजारी असतो, मावसभाऊ असतो, ऑफिसातला जुना सहकारी असतो. आपण रात्री जागून लिहिलंय हे त्याला ठाऊक असतं, आणि आपलं मन मोडणं त्याच्या जिवावर येतं. पण त्या ‘छान’वर पुढचं काही काम करता येत नाही. वाचकाचं खरं म्हणणं कसं मिळवायचं आणि मिळालं की त्याचं काय करायचं, यावर मी आज बोलणार आहे. विशेषतः ज्यांनी स्वतःचे पैसे घालून स्वतःचं पुस्तक काढायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी.

मी ठाण्याची. माझी कादंबरी वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत इथे उभी राहिली. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर भागातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटायची. पुढे एकेक कंपनी बंद होत गेली. त्या रस्त्यांवर आता काचेच्या इमारती आहेत आणि तिथे कामाला येणाऱ्या मुलांना आधी इथे काय होतं याची कल्पना नसते. हे लिहून ठेवलं पाहिजे असं मला फार मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं.

प्रकाशकाकडून पुस्तक येतं तेव्हा छापण्याआधी संपादक ते वाचतो. ‘हा प्रसंग इथे कशाला?’, ‘ही बाई मधेच कुठे गेली?’ असे प्रश्न तो विचारतो. स्वतः पुस्तक काढताना अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी हे सगळं पैसे मोजून मिळतं. हे प्रश्न विचारणारा माणूस मात्र आपणहून शोधावा लागतो. पैसे घेऊन संपादन करून देणारी जाणकार माणसं आहेत. ऐपत असेल तर पहिला खर्च तिथे करा, मग मुखपृष्ठ आणि शेवटी प्रकाशन समारंभाचा हॉल. अनेकांचा क्रम नेमका उलटा असतो आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण हॉल एका संध्याकाळचा असतो आणि पुस्तक पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या हातात राहतं.

संपादक परवडत नसेल तर वाचकांकडून ते काम करून घ्यावं लागतं. त्यासाठी मी ‘कशी वाटली’ हा प्रश्नच बंद केला आणि एक विनंती करू लागले, ‘माझी कादंबरी मला सांगा. मी लिहिलेलीच नाही असं समजून, पहिल्यापासून.’

आमच्या इमारतीत एक काका राहतात. वागळे इस्टेटच्या एका कंपनीत लेथवर त्यांची हयात गेली. त्यांना मी हस्तलिखिताची झेरॉक्स दिली होती. ते सांगायला बसले आणि कारखान्याच्या गेटपाशी थांबले. टाळेबंदीची नोटीस गेटवर लागते, तो प्रसंग माझ्या पानावर दोन परिच्छेदांचा होता. काकांनी तो सांगितला तेव्हा चहाचे कप भरून आले आणि रिकामे होऊन गेले, तरी ते गेटवरच होते. नोटीस एकच आणि माणसं इतकी, त्यामुळे पुढचा मोठ्याने वाचायचा आणि मागच्यांनी ऐकायचं. मग ते म्हणाले, ‘अगं, नोटीस वाचली ना, की आधी मनात पगार येत नाही. आधी पतपेढी येते. मी कोणाला जामीन आहे आणि मला कोण जामीन आहे!’

श्रोतेहो, कारखान्यातली पतपेढी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कामगारांची स्वतःची सहकारी पतसंस्था असायची. मुलीचं लग्न, गावचं घर, आजारपण, यासाठी तिथून कर्ज मिळायचं आणि हप्ता पगारातून कापला जायचा. जामीनदार म्हणून सह्या करणारे शेजारच्याच मशीनवरचे मित्र. पगार थांबला की हप्ता थांबणार आणि वसुली जामीनदाराकडे येणार, त्याचाही पगार थांबलेला. काल एका डब्यात जेवणारी माणसं आज एकमेकांची नजर चुकवतात. काकांच्या त्या एका वाक्यातून माझ्या कादंबरीत आख्खं प्रकरण आलं आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सर्वांत सशक्त प्रकरण आहे. ‘कशी वाटली’ असं विचारलं असतं, तर काका ‘छान लिहिलंस’ म्हणून मोकळे झाले असते.

दुसरी वाचक माझी भाची. ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी करते, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाते. कारखान्याचा भोंगा तिने कधी ऐकलेला नाही. तिने कादंबरी सांगायला सुरुवात केली तीच नायकाची बायको डबे द्यायला लागते तिथून. आधीची पन्नास पानं तिच्या सांगण्यात एका वाक्यात संपली. म्हणजे काकांची कादंबरी गेटवरची आणि हिची स्वयंपाकघरातली. दोघांचं ऐकून दोन्हीकडे धावले असते, तर पुस्तकाचं मातेरं झालं असतं. मी वेगळंच पाहिलं. दोघांनीही एक माणूस पूर्ण वगळला होता, युनियनचा पुढारी. सर्वांत जास्त पानं मी त्याच्यावर खर्च केली होती आणि एवढ्या वेगळ्या दोन वाचकांना तो सांगताना आठवलासुद्धा नाही. मी त्याची पानं निम्म्याने कमी केली. आरंभ मात्र बदलला नाही. कारखाना चालू असतानाचं जग वाचकाने आधी पाहिलं पाहिजे, यावर मी ठाम होते आणि आहे.

म्हणून माझं सांगणं आहे की विषय जगलेला एक आणि विषयाशी काही संबंध नसलेला एक, असे दोन वाचक तरी हवेतच. ते बोलत असताना मधे बोलू नका. ‘नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडातून निघालं की समोरचा सावध होतो आणि मग आपल्याला बरं वाटेल तेवढंच बोलतो. वही घ्या आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.

छापण्याच्या बाजूचं थोडक्यात सांगते. पुस्तक फॉर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र येणाऱ्या पानांच्या गटांत, छापलं जातं आणि नेहमीच्या डेमी आकारात फॉर्मा 16 पानांचा असतो. 208 पानं म्हणजे बरोबर 13 फॉर्मे. 210 पानं झाली तर दोन पानांसाठी पुढचा फॉर्मा लागतो, म्हणून पानांची गणती मुद्रकाबरोबर बसून करा. ऑफसेट छपाईत आधी पानांच्या प्लेट बनवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च प्रती कमी असोत की जास्त, तेवढाच येतो, त्यामुळे थोड्या प्रतींना डिजिटल छपाई बरी पडते. मी आधी मोजक्या डिजिटल प्रती काढून त्या वाचायला वाटण्याच्या बाजूची आहे. छापलेल्या पानावर डोळा वेगळा चालतो. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात टाइप केलेला मजकूर आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ असले शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा, जोडाक्षरं तिथेच मोडतात. आणि मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घ्या. आपलं लेखन आपल्याला पाठ असतं, त्यामुळे डोळ्याला चूक दिसत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्याला शुल्क नाही. लेखक स्वतः अर्ज करू शकतो. छापील पुस्तकाला एक आणि ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक लागतो. पुस्तक काढून देण्याचं पॅकेज कोणी देऊ केलं, तर क्रमांक कोणाच्या नावावर येणार आणि हक्क कोणाकडे राहणार हे लेखी घ्या. कॉपीराइट लिहिताक्षणीच आपला असतो, नोंदणी सक्तीची नाही. 1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. स्वतः प्रकाशक झालात की ही जबाबदारी तुमची. विक्रेत्याचं कमिशन साधारण 40 टक्क्यांच्या आसपास धरून किंमत ठरवा. आणि एक महत्त्वाचं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचा विचार छापण्याच्या आधीच करायचा.

आता पुस्तक बाहेर आलं. वर्तमानपत्रांना ‘अभिप्रायार्थ’ प्रती गेल्या, ओळखीच्यांनी विकत घेतली, व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदनाचे गुच्छ आले. मग शांतता. ही शांतता नव्या लेखकाला फार खाते. त्यात मी एवढंच सांगेन की कादंबरी वाचायला लोकांना वेळ लागतो. विकत घेणं आणि वाचायला घेणं यात महिने जातात. ‘वाचलीत का?’ असं भेटेल त्याला विचारू नका, माणसं रस्ता बदलतात.

जे म्हणणं येतं, त्यात सर्वांत अवघड असतं ओळख पटलेल्यांचं. गावाजवळची, वस्तीजवळची गोष्ट लिहिली की लोक तिच्यात आपली माणसं शोधतात. मला एका बाईंचा फोन आला. माझ्या कादंबरीत एक सुपरवायझर आहे, त्याच्या लेकीनं केला असावा असाच तो फोन होता. ‘पुस्तकातला सुपरवायझर हजेरीच्या वहीत लाल शाईने फुली मारतो. माझे वडील लाल पेन वापरायचे. ते मालकाचे माणूस होते असं तुम्ही लिहिलंय. पण कंपनी बंद झाल्यावर आमच्याही घरी चूल बंद होती, ते कुठे आहे?’ मी त्यांच्या वडिलांना ओळखत नव्हते. लाल पेन कितीतरी सुपरवायझरांच्या खिशाला असायचं. तसं सांगून मी सुटू शकले असते. पण त्या बाईंचा सवाल पेनाचा नव्हताच. मी म्हटलं, ‘ताई, तुमच्या घरी काय झालं ते सांगाल का?’ आणि त्यांनी सांगितलं. कामगारांना निदान युनियन होती, मोर्चात शेजारी उभं राहणारा माणूस होता. त्यांच्या वडिलांशी दोन्हीकडचं कोणी बोलेना. त्यांना मी कुठलंही आश्वासन दिलं नाही. पण दुसरी आवृत्ती निघाली, तर त्या सुपरवायझरच्या घराचं दार मी उघडणार आहे. तसं टिपण माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

नुसती शिवी देणारंही कोणी भेटतं. ‘कागद वाया घालवलात’ असा निरोप आला, तर त्यावर करण्यासारखं काही नसतं. उत्तर देऊ नये. कोणी म्हणालं, ‘मधली पानं कंटाळवाणी आहेत,’ तर मात्र कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलं ते आवर्जून विचारावं आणि आभार मानावेत. उपाय ते सुचवतील तो घ्यायलाच हवा असं नाही. कोणी म्हणतं शेवट गोड करा, कोणी म्हणतं प्रेमप्रकरण वाढवा. ते ठरवायचा हक्क लेखकाचा. पण एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच पानाभोवती अडखळत असतील, तर ते पान पुन्हा लिहायला बसावं.

वाचनालयांना प्रती द्या. ठाण्यात तर 1893पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि वाचत्या माणसांची या शहरात कधी वाण पडली नाही. वाचनालयातली आपली प्रत काही महिन्यांनी हातात घेऊन बघा. कडा कुठपर्यंत मळल्यात, घडी घातलेले कोपरे कुठे आहेत, शेवटची चाळीस पानं अजून कोरी करकरीत आहेत का. कोणी पेन्सिलीने रेघ मारलेली सापडली, तर ते वाक्य नीट वाचा. आपल्याला आवडलेलं वाक्य क्वचितच ते असतं.

आता लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणारेच हे जास्त ऐकत असणार, म्हणून तुम्हाला एक विनंती. नव्या लेखकाचं पुस्तक हाती आलं तर आतल्या ज्या पानावर आवृत्ती, मुद्रक आणि किंमत लिहिलेली असते, तिथे त्याचा पत्ता किंवा फोन बहुधा मिळतो. दोन ओळी कळवा. परीक्षण लिहायची गरज नाही. कुठल्या पानापर्यंत वाचलंत, कुठे थांबलात आणि पुस्तकातलं कोण लक्षात राहिलं, एवढं पुष्कळ झालं. पुस्तक पुरं झालं नसेल तरी कळवा, आणि पान क्रमांक तेवढा नक्की लिहा.

नमस्कार.