पोरगं नशेच्या केसमध्ये दुसऱ्यांदा सापडलं तर?

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरातलं पोरगं नशेत अडकलंय, त्यांनी आजचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.

नशेच्या केसेस 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली चालतात आणि त्यात सगळं वजनावर ठरतं. गांजा 1 किलोच्या आत सापडला तर अल्प प्रमाण, शिक्षा 1 वर्षापर्यंत. 20 किलोच्या वर गेला की व्यावसायिक, मग 10 ते 20 वर्षं सक्तमजुरी. एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची नशा, ती तर 50 ग्रॅमच्या वर गेली की व्यावसायिक!

आता एकदा शिक्षा झालेला पुन्हा तसल्याच गुन्ह्यात दोषी ठरला, तर कलम 31 लागतं. कमाल शिक्षा दीडपट. कायद्याला वाटतं, भीतीनं माणूस सुधारेल. विकणाऱ्याचं मी बोलत नाही, त्याला सोडूच नये. पण ज्याला तलफ आली की हातपाय कापतात, तो कलम आठवून थांबेल का हो? आणि भिंतीआड गेला म्हणजे नशा सुटली असंही नाही. आपल्या कळंबा जेलमध्ये टेनिसच्या चेंडूत गांजा भरून बाहेरून फेकल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी वाचल्यात. उपचार न होता पोरगं सुटतं, कामावर कुणी घेत नाही, गल्लीत जुनेच दोस्त उभे. दुसरी केस इथंच तयार होते.

याच कायद्यात एक वाट आहे, आणि ती घरच्यांना कुणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. कलम 64 अ. व्यसनी माणसावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ते काढून घेता येतं. आणि दोषी ठरला तरी कलम 39 आहे: त्याची संमती असेल, तर वय, पूर्वेतिहास, तब्येत बघून कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी बाँडवर उपचाराला पाठवू शकतं. पाठवेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय विषयच निघत नाही.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, फोनला पैसे पडत नाहीत. अजून केस झालेली नसेल तर आजच लावा. झाली असेल, तर उपचाराचे सगळे कागद जपून ठेवा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘साहेब, 64 अ चा अर्ज कधी करायचा?’