कार्ड भरणारा आत, नाटक उचलणारा मोकळा

नमस्कार मंडळी! आठवडी बाजारात मोबाइलच्या दुकानात पैसे दिले की मेमरी कार्डात पिक्चर भरून मिळतो, हे आपल्याकडं नवं नाही. तो गुन्हाच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण कारवाई कोणावर होते, ते बघा.

कॉपीराइट कायदा 1957 चा. कलम 63 प्रमाणे 6 महिने ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्टाला शिक्षा कमी करता येते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. फौजदार वॉरंट नसतानाही माल जप्त करू शकतो. तो परत मागायला मॅजिस्ट्रेटकडे 15 दिवसांत अर्ज करावा लागतो.

त्याहून जड आपल्या महाराष्ट्राचा एमपीडीए, म्हणजे धोकादायक माणसांना खटल्याआधीच डांबून ठेवायचा कायदा. हातभट्टीवाल्यांना ज्या कायद्याखाली स्थानबद्ध करतात, त्यात 2009 पासून ‘व्हिडिओ पायरेट’ही, म्हणजे पिक्चरच्या चोरट्या प्रती काढणारेही आहेत. खटला न चालवता 12 महिन्यांपर्यंत आत! मला हे अजिबात पटत नाही. पिक्चर फोडणारी वेबसाइट बंद केली की नवीन नावानं उघडते. त्यासाठी 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला वेगळ्या धाटणीचा, नव्या नावानं उघडलेली साइटही बंद करता येईल असा आदेश काढावा लागला. सापडतो तो बाजारातला पोरगा.

आता झाडीपट्टी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं घ्या. दिवाळी झाली की वडसा इथल्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात निघतात. मंडईची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्रभर नाटक. मंडपात कोणीतरी मोबाइल लावतो आणि अख्खा प्रयोग यूट्यूबवर टाकतो. मग पुढच्या गावचा माणूस तिकीट कशाला काढेल? लेखकाला, नटाला त्यातून दमडी मिळत नाही. यासाठी कुठं धाड पडली, असं मी तरी ऐकलं नाही.

कायदा मात्र तोच लागू आहे, बाप्पा! नाटक लिहिलं की लेखकाचा हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. कलावंताचा हक्क कलम 38 मध्ये आहे, 50 वर्षांचा.

म्हणून कंपनीवाल्या भाऊंनो, नाटकाच्या संहितेवर तारीख टाकून ठेवा. लिंक आणि स्क्रीनशॉट जोडून ठाण्यात कलम 63 खाली लेखी तक्रार द्या, पोच घ्या. यूट्यूबचा कॉपीराइट फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत. आणि ठाणेदारांनी तक्रार नोंदवली नाही, तर तोच कागद पोस्टानं एसपी साहेबांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे.