संसाराविषयीची फुशारकी

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, या व्याख्यानासाठी मला 'ऐहिक मोहांचा प्रतिकार' हा विषय देण्यात आला आहे आणि पाळकसाहेबांनी त्यासाठी चाळीस मिनिटे दिली आहेत. आपल्या प्रभू येशूला सैतानाच्या मोहांना तोंड द्यायला अरण्यात चाळीस दिवस मिळाले होते, एवढेच मी नम्रपणे नोंदवतो.

प्रतिकाराचे मार्ग मी शेवटी सांगणारच आहे. पण त्याआधी एका शब्दाशी माझे जुने भांडण आहे, ते मांडू द्या. प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' असे म्हणतो. दहावीच्या वर्षी ही विनंती मी अगदी शब्दशः करीत असे, आणि आता हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी तेच केले असणार. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या कानांना मात्र 'परीक्षा' म्हटले की वेळापत्रकच ऐकू येते, आणि त्यामुळे दारू, जुगार आणि परस्त्री हे तीन पेपर टाळले की माणूस पास झाला, अशी आपली सोयीस्कर समजूत होऊन बसली आहे.

बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय निराळेच तीन पेपर काढतो: देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. पहिल्या दोहोंवर मी आयुष्यभर उपदेश ऐकत आलो आहे. तिसरीवर क्वचितच ऐकला, कारण ती आपल्याबरोबर उपासनेला येते, पुढच्या बाकावर बसते आणि दानाच्या थाळीत नोट टाकताना ती नीट उलगडूनच टाकते.

माझी आणि तिची ओळख एका भोपळ्यामुळे झाली. कापणीच्या सणाला मंडळीत लिलाव होतो, हे आपणांस सांगायला नको. त्या वर्षी एका वृद्ध विधवा बाईंनी आपल्या परसातला लाल भोपळा अर्पण केला होता. देठाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी आणि एका बाजूला मातीचा डाग तसाच. बोली पन्नास रुपयांपासून सुरू झाली. मी शंभर म्हणालो, तो मागच्या बाकावरून माझ्या साडूंनी दीडशे म्हटले. त्यांनी नुकतीच गाडी घेतली होती आणि ती चर्चच्या फाटकातच उभी केली होती, हा तपशील विषयाला सोडून आहे असे कृपया समजू नका. पाचशेपर्यंत लोक हसत होते, हजारावर टाळ्या पडू लागल्या, आणि दोन हजारांनंतर आम्हा दोघांनाही भोपळा दिसेनासा झाला. 'एक वार, दोन वार' होऊन अखेर चार हजार एकशे रुपयांना तो माझ्या मांडीवर आला. लिलाव पुकारणाऱ्यांनी 'प्रभूसाठी केवढे हे मन!' असे उद्गार काढले, आणि मी मान खाली घातली. नम्र दिसण्यासाठी ती किती खाली घालावी, याचाही मी त्या क्षणी हिशेब केला होता. घरी आल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, त्या बाईंचा गॅस संपलाय म्हणून महिनाभर त्या चुलीवर करतात. एवढ्यात त्यांच्या चार टाक्या आल्या असत्या." तो भोपळा आम्ही आठ दिवस खाल्ला, भाजी, घारगे, पुन्हा भाजी.

पाळकसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आता अरण्यात जाऊ या. तिथे सैतानाने प्रभूपुढे एकही उघड वाईट वस्तू ठेवली नाही. भुकेल्याला भाकर ही चांगली गोष्ट आहे, देवावर भरवसा ठेवणेही चांगलेच, आणि मंदिराच्या शिखरावर तर त्याने एक्याण्णवावे स्तोत्र म्हणून दाखवले. म्हणजे मोहाला शास्त्र पाठ असते. प्रभूची तिन्ही उत्तरे मात्र जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. त्याने तिथे वाद घातला नाही, नवे प्रवचनही केले नाही. आधीपासून तोंडी असलेले वचन उच्चारले. प्रतिकाराचा पहिला मार्ग हाच: मोहाच्या घटकेला विचार करीत बसू नये, कारण त्या घटकेला आपली बुद्धी साडूंच्या बोलीवर एकशे रुपये चढवण्यातच गुंतलेली असते.

दुसरा मार्ग मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू न देण्याचा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातील हनन्या आठवा. बर्णबाने शेत विकून सगळा पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवला, त्यानंतर लगेच या हनन्याची गोष्ट येते. पेत्र त्याला स्पष्ट सांगतो की जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याने काही भाग मागे ठेवला, याबद्दल तक्रार नव्हती. ठेवूनही सर्वस्व दिल्याचा देखावा केला, तिथे तो मेला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला, तितके तुम्हाआम्हाला जमणार नाही; पण पाकिटावर नाव न लिहिणे जमेल.

तिसरा मार्ग चिकाटीचा आहे, आणि त्याला दोनच मिनिटे उरली आहेत. शुभवर्तमानकार लूक लिहितो की सैतान प्रभूला सोडून गेला तो पुन्हा संधी मिळेपर्यंतच. म्हणून लेंट संपला म्हणजे काम संपले, असे होत नाही. लिलाव बंद करून वस्तू ठरल्या भावाने विकाव्यात आणि दान बंद पाकिटांतून घ्यावे, असा अर्ज मी पंचांपुढे दोनदा ठेवला. उत्पन्न घटेल म्हणून तो दोन्ही वेळा फेटाळला गेला. तिसरा अर्ज लिहून तयार आहे. दरम्यान, यंदा पावसाळ्यात आपल्याच परसात भोपळ्याचा वेल लावणार असल्याचे साडूंनी जाहीर केले आहे.