एक इंच खाली

मिलपिटसचा ग्रेट मॉल. बे एरियातला मराठी माणूस इथे एकदा तरी आलेला असतोच, आईबाबा भारतातून आले की त्यांना बूट घ्यायला आणतात ती हीच जागा. पण १९८३ पर्यंत इथे दुकानं नव्हती, फोर्डची फॅक्टरी होती आणि साठच्या दशकात इथून मस्टँग बाहेर पडायच्या. ही समोर उभी आहे ती १९६६ ची कूपे इथलीच. नंबर बघा, सहा, आर, शून्य सात, सी. सहा म्हणजे ६६ साल, आर म्हणजे हीच फॅक्टरी, फोर्डच्या कागदावर तिचं नाव सॅन होजे, शून्य सात म्हणजे कूपे, दोन दारांची, आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट इंजिन, २०० हॉर्सपॉवर. मालक आपलाच, मूळचा साताऱ्याचा. नाव सांगू नको म्हणालाय, कारण गाडीवर एकूण किती गेले हे घरी अजून नीट माहीत नाहीये.

(कॅलाव्हेरस रोड, सकाळ.)

सरळ रस्त्यावर मजाच मजा. आवाज तर काय विचारूच नका. पण पहिलं वळण आलं की गाडी अशी कलते की शेजारी बसलेला माणूस आपोआप दाराचं हँडल धरतो, स्टीअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जायला बघतं आणि पुढचा टायर ओरडायला लागतो.

निघायच्या आधी आम्ही पुढच्या टायरच्या कडेला खडूने आडव्या रेघा मारल्या होत्या. जुनी युक्ती आहे, फुकट आहे. आता थांबून बघितलं तर बाहेरच्या बाजूचा खडू पार खाली, साइडवॉलपर्यंत पुसला गेलाय. म्हणजे गाडी टायरच्या तळव्यावर नाही, पायाच्या कडेवर चालत होती.

असं का होतं? मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला, पण खालचा बराचसा सांगाडा फाल्कनचा, म्हणजे साध्या स्वस्त फॅमिली गाडीचा. पुढच्या चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म. वरचा आर्म आत जिथे बॉडीला बोल्ट केलाय ती जागा फोर्डने बरीच वर ठेवली होती. त्यामुळे वळणावर बॉडी कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत कलतं, चाकाचं डोकं बाहेर जातं, आणि जिथे सगळं वजन आलंय तोच टायर नेमका रस्ता सोडायला लागतो.

यावरचा उपाय फोर्डच्याच क्लाउस आर्निंग नावाच्या इंजिनिअरने शोधला होता. वरच्या आर्मचे बोल्ट एक इंच खाली घ्या, बस्स. मग चाक वर दाबलं गेलं की आर्म त्याचं डोकं आत ओढतो, टायर सपाट राहतो, शिवाय ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, म्हणजे रोल सेंटर, वर येतो म्हणून बॉडीही कमी कलते. रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये, म्हणजे मस्टँगवरूनच बनवलेल्या गाडीत, हेच केलेलं होतं, आणि तिची रेसवाली आवृत्ती घेऊन त्याचा ड्रायव्हर केन माइल्सने फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्ससच्या ग्रीन व्हॅलीला पहिल्याच फटक्यात रेस मारली. गंमत अशी की ६६ च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर शेल्बीनेही खर्च वाचवायला हे काम बंद करून टाकलं.

(गॅरेज. ड्रिलचा आवाज.)

आमच्या साताऱ्याच्या भाऊने काय केलं, आधी बाजारातल्या सगळ्यात कडक स्प्रिंगा आणून टाकल्या. गाडी कमी कलायला लागली खरी पण दर खड्ड्याला उडायची, आणि उडालेला टायर कसली ग्रिप देणार. त्या काढल्या, जरा मऊ, ६२० पौंडांच्या बसवल्या आणि त्याच वेळी वरच्या आर्मच्या बोल्टसाठी एक इंच खाली नवी भोकं पाडली. टेम्प्लेट जुन्या दोन भोकांना बसवायचं, पंच मारायचा, ड्रिल करायचं, दोन्ही बाजूंना मिळून चार भोकं. भोकं पाडायला फार वेळ लागत नाही, भीती स्प्रिंगची असते. ती स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या टूलमध्ये दाबून ठेवलेली असते, सुटली तर माणूस जाऊ शकतो, त्यामुळे इथे घाई करायची नाही आणि स्वस्तातलं भाड्याचं टूल तर अजिबात नाही. आणि एक इंच म्हणजे एक इंचच, अजून खूप खाली नेलं तर आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा बॉल जॉइंट अडकायला लागतो, मग वेगळी वेज, म्हणजे पाचर, लावावी लागते.

पुढचा स्वे बार, म्हणजे दोन्ही चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा, एक इंचाचा घेतला. पाऊण इंचाच्या जागी एक इंच, ऐकायला किरकोळ, पण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे तिपटीच्या वर. मागे आपल्या टेम्पोला असतात तसेच पाटे आहेत, ते नवीन टाकले, शॉकअप चारही बदलले. इंजिनवरून आडवा जाणारा दांडा मात्र बसेचना, कारण साठ वर्षांत दोन्ही शॉक टॉवर, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग ज्यात बसतात ते बॉडीचे खांब, आत झुकलेत! शेवटी मध्ये जॅक लावून ते हळूहळू फाकवले, तेव्हा कुठे बोल्ट शिरले. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन लावताना, जुन्या पुस्तकातले आकडे द्यायचे नाहीत, ते तेव्हाच्या जुन्या पद्धतीच्या बायस प्लाय टायरचे आहेत. आजच्या रेडियल टायरला थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचं डोकं जरा आत) आणि जास्त कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कल) लागतो.

(पुन्हा कॅलाव्हेरस रोड. तेच वळण.)

परत खडू मारला, परत तेच वळण, स्पीड मुद्दाम थोडा जास्त. या वेळी मी हँडल धरलं नाही, खरं तर विसरलोच. उतरून बघितलं तर रेघ कडेपर्यंतच पुसलेली, खाली साइडवॉलवर जशीच्या तशी.

मालक ती रेघ बघून हसला, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाला, "पुढे अजून ड्रम ब्रेकच आहेत रे."