नवरा गेल्यानंतरची चाळीस वर्षं

नमस्कार मंडळी. महिला दिनाला आपल्या मंडळात जिजाबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई यांच्यावर दरवर्षी कुणी ना कुणी बोलतंच. आज मी आपण जिथे राहतो त्या टेक्सासमधलीच एक बाई निवडली आहे. हेन्रिएटा किंग. 'किंग रँच', म्हणजे किंग घराण्याचं गुरं पाळायचं अफाट रान, ही अक्षरं फोर्डच्या ट्रकवर असतात, त्यामुळे मुलांना आडनाव तरी ओळखीचं आहे.

न्युएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधला पट्टा डोळ्यांसमोर आणा. टेक्सास म्हणे हद्द रिओ ग्रांदेला, मेक्सिको म्हणे न्युएसेसला. १८४८च्या तहाने कागदावरचं भांडण मिटलं, पण चोऱ्या, लूटमार, चकमकी पुढे कित्येक वर्षं चालू होत्या. १८५० मध्ये आईविना वाढलेली ही मुलगी धर्मोपदेशक वडिलांबरोबर ब्राउन्सव्हिलला आली. घर मिळेना म्हणून कुटुंब नदीतल्या एका बोटीवर राहिलं. ती बोट आपल्या नेहमीच्या जागी उभी पाहून आगबोटीचा कप्तान रिचर्ड किंगने शिव्या घातल्या आणि या मुलीने त्याला तिथल्या तिथे झापलं, अशी गोष्ट सांगतात. १८५४च्या डिसेंबरात दोघांचं लग्न झालं.

तोवर किंगने सांता हर्त्रुदिस ओढ्याकाठची १५,५०० एकर जमीन ३०० डॉलरना घेतली होती. एकरी दोन सेंटही नाहीत! सध्या घर शोधणाऱ्यांनी उसासे टाकू नयेत. ती जमीन मुळात एका मेक्सिकन घराण्याची, आणि सीमा सरकल्यावर अशा कितीतरी घराण्यांच्या जमिनी मातीमोल भावाने हातच्या गेल्या. त्याआधी तिथे कारांकावा आणि लिपान अपाची या मूळ रहिवासी जमाती वावरत होत्या. हेन्रिएटाचं कौतुक करताना हे गाळलं तर आपण अर्धीच गोष्ट सांगतो.

नव्या नवरीचं घर कुडाचं होतं, काठ्या आणि चिखलाचं. कोठीची खोली इतकी अरुंद की मोठी ताटं बाहेरच्या भिंतीला टांगावी लागत. तरी म्हातारपणी ती सांगायची की इतके सुखाचे दिवस फार थोड्या नवऱ्यामुलींच्या वाट्याला आले असतील.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस या रँचवरून मेक्सिकोत जाई. म्हणून १८६३च्या डिसेंबरात उत्तरेच्या सैनिकांनी छापा घातला. कप्तान आदल्या रात्रीच निसटला होता. घरात मुलं, वडील आणि गरोदर हेन्रिएटा. घराची राखण करणारा फ्रान्सिस्को अल्वाराडो गोळी लागून पडला. तिच्याविषयी बोलताना लोक छाप्याचा हा प्रसंग रंगवतात आणि बहुधा तिथेच थांबतात. माझ्या मते तिचं खरं काम सुरू झालं ते १८८५ मध्ये, कप्तान वारल्यावर. वय ५२. वारशाला सुमारे ५ लाख एकर जमीन आणि जवळजवळ तेवढेच डॉलर कर्ज.

पसारा विकून ती शहरात सुखाने राहू शकली असती. तिने कामकाज रॉबर्ट क्लेबर्ग या तरुण वकिलाकडे सोपवलं. पुढे तो तिचा जावई झाला, पण मालकी आणि शेवटचा शब्द तिचाच. त्यात १८९०च्या दशकातला दुष्काळ आला. गुरं तडफडून मेली. १८९९ मध्ये खोल विंधण विहिरीला आपसूक उसळणारं पाणी लागलं, तेव्हा कुठे या जमिनीवर गुरांबरोबर माणसांची वस्ती होईल अशी आशा दिसली. मग तिने रेल्वेसाठी जमीन दिली. १९०४ मध्ये रूळ आले आणि किंग्सव्हिल वसलं. चर्चना, शाळेला जागा तिने दिल्या. खरेदीखतांत मात्र अट घातली: गावात दारू विकायची नाही. बाई कडक होती!

पण हे सगळं उभं राहिलं ते मेक्सिकोतल्या क्रुइयास गावातून १८५४ मध्ये बिऱ्हाडासकट आलेल्या माणसांच्या जिवावर. त्यांना 'किनेन्योस', म्हणजे किंगची माणसं, म्हणतात. किंगने दुष्काळात त्यांची गुरं विकत घेतली आणि मग त्यांनाही बोलावून घेतलं. घोडा, दोर, गुरं यांची सगळी विद्या त्यांची. त्यांच्या बायकांनीही त्याच उजाड माळावर संसार मांडले, पण त्यांची नावं आज आपल्याला सहज सापडत नाहीत. १९२५ मध्ये हेन्रिएटा गेली तेव्हा रँच दहा लाख एकरांच्या वर पोचलं होतं. तिच्या दफनाला सुमारे दोनशे व्हाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणारे गडी, आले आणि त्यांनी कबरीला घोड्यावरून फेरी घालून निरोप दिला.

आता खास आपल्यासाठी एक गंमत. याच रँचवर पुढे तयार झालेल्या 'सांता हर्त्रुदिस' या गुरांच्या जातीला १९४० मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. तिच्यात पाच अष्टमांश रक्त शॉर्टहॉर्न गुरांचं आणि तीन अष्टमांश ब्राह्मन गुरांचं. ही ब्राह्मन गुरं ज्या भारतीय जातींपासून निपजली त्यांत गीर, कांकरेज, ओंगोल आहेत, आणि आपलं कृष्णाकाठचं जनावरही आहे. सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी हायवे ७७ वरून जाताना किंग्सव्हिलला थांबून त्या तांबड्या गाईंची विचारपूस जरूर करावी.