समुद्र लांब, पण माणसं किनाऱ्यावर

(दृश्य: सीताबर्डीजवळचा झिरो माईलचा स्तंभ, मागे सकाळची रहदारी)

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून उंचावर आहे. पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला अरबी समुद्र, दोन्ही शेकडो किलोमीटर दूर. त्सुनामीची लाट इथवर पोहोचणार नाही, हे अगदी खरं. पण इथली पोरं चेन्नईत शिकतात, विशाखापट्टणमला नोकरी करतात. हिवाळ्याच्या सुट्टीत इथली कुटुंबं पुरीला जातात, अंदमानला जातात. त्यांच्या फोनवर एखाद्या दिवशी त्सुनामीचा इशारा आला, तर त्याचा रंग त्यांना वाचता यायला हवा. आणि नागपुरात बसून फोन करणाऱ्यांनाही.

(दृश्य: हिंदी महासागराचा नकाशा, सुमात्राजवळ एक ठिपका)

26 डिसेंबर 2004. नाताळच्या सुट्टीतला रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटापाशी समुद्राचा तळ हादरला. भूकंपाची तीव्रता 9.1. खोल समुद्रात अशी लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने धावते, तरीही तिला चेन्नई गाठायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. त्या वेळात मरीना किनाऱ्यावर माणसं फिरत होती, नागपट्टिणमला कोळी बांधव आपल्या कामात होते. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, कारण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. भारतात दहा हजारांवर माणसं गेली. हाताशी वेळ असून ती गेली, ही गोष्ट आजही मन कुरतडते.

2007 साली हैदराबादला, इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत, भारताचं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. समुद्राखाली मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटांत तिथून पहिलं पत्रक निघतं. मग समुद्रतळावरची दाबमापक यंत्रं आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक सांगतात, लाट खरोखर उठली आहे की नाही. त्यावरून इशारा चढतो किंवा उतरतो.

(दृश्य: पडद्यावर लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा)

लाल म्हणजे वॉर्निंग. दोन मीटरहून उंच लाटेचा अंदाज. किनारा सोडायचा, आत आणि उंचावर जायचं. नारिंगी म्हणजे अलर्ट, अर्धा ते दोन मीटर. चौपाटी आणि सखल भाग रिकामा करायचा. पिवळा म्हणजे वॉच. लगेच काही करायचं नाही, पुढच्या पत्रकाकडे लक्ष ठेवायचं. हिरवा म्हणजे धोका टळला.

आपली गफलत होऊ शकते ती नारिंगी रंगापाशी. पावसाळ्यात नागपूरकर हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट ऐकतो, छत्री घेतो आणि कामाला निघतो. तिथे नारिंगीचा अर्थ आहे, तयार राहा. त्सुनामीच्या नारिंगीचा अर्थ आहे, वाळूवरून आत्ता उठा. ही सवय सोबत घेऊन कुणी पुरीच्या किनाऱ्यावर बसून राहिलं, तर ते जिवावर बेतेल.

अर्ध्या मीटरची लाट, त्यात काय एवढं, असंही वाटेल. पण ही रोजची लाट नव्हे. रोजची लाट फुटते आणि मागे जाते. त्सुनामीचं पाणी मिनिटामागून मिनिट आत घुसत राहतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांनी पाहिलं, वाहत्या पाण्यापुढे उभ्या गाड्याही टिकत नाहीत. ते तर पावसाचं पाणी होतं.

(दृश्य: ओहोटी लागलेला किनारा)

अंदमान-निकोबारचं गणित वेगळं. जवळच भूकंप झाला तर लाट वीस-तीस मिनिटांत येते. तिथे मेसेजची वाट पाहायची नाही. जमीन जोराने किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक मागे हटला, पाण्यातून मोठा गडगडाट ऐकू आला, यातलं एक झालं तरी उंचावर पळायला पुरे. उघड्या पडलेल्या तळावर शंख-शिंपले वेचायला, फोटो काढायला थांबायचं नाही. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर 1907 च्या लाटेची गोष्ट आजी-आजोबा सांगत आले होते. 2004 मध्ये जमीन हलताच लोक डोंगराकडे पळाले. सत्तर हजारांहून जास्त वस्तीच्या त्या बेटावर अवघे सात जण दगावले. कुठलंही यंत्र नव्हतं.

इशारा आला आणि मोठी लाट आलीच नाही, असंही होतं. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला. त्यात समुद्रतळ मुख्यतः आडवा सरकला, पाणी फारसं उचललं गेलं नाही. त्या दिवशी जे किनारा सोडून धावले, त्यांनी योग्यच केलं.

(दृश्य: घरातला फोन, टीव्हीवर बातम्या)

आता राहिलं नागपुरातलं काम. 30 जुलै 2025 ला रशियाच्या कामचात्काजवळ 8.8 चा भूकंप झाला, प्रशांत महासागरभर इशारे गेले. भारताला धोका नाही, असं इन्कॉइसने स्पष्ट केलं. तेव्हा बातमी पाहताच आधी हे बघा, की इशारा कुठल्या किनाऱ्यासाठी आहे. तो आपल्या माणसाच्या किनाऱ्यासाठी असेल तर एक छोटा मेसेज टाका: "बाबू, पहिले वर जाय, मंग बोल." फोनवर फोन लावू नका. त्या घडीला नेटवर्क तिथल्या बचाव पथकांना लागतं, आणि पळणाऱ्याचे हात मोकळे हवेत. व्हिडिओ काढून पाठव, असं तर चुकूनही म्हणू नका. आणि कधीचा तरी जुना व्हिडिओ घरच्या ग्रुपवर ढकलू नका.

पहिली लाट ओसरली की माणूस सामान आणायला, गाडी काढायला खाली उतरतो. पण लाटा एकामागून एक येतात, कधी तासाभराच्या अंतराने, आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असं नाही. हिरवा निरोप आल्यावरही खाली कधी यायचं, हे तिथलं प्रशासन ठरवतं. तोवर "झालं ना आता, हॉटेलवर जा" असं इथून कुणी सांगू नये.